माळावरचा डोळा आणि थंडीचा डबा

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसला उजवीकडे वळलं की बारामतीचा रस्ता लागतो. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. रोटी घाटाची छोटीशी चढण, मग उंडवडी, बारामती, काटेवाडीतलं मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेचं पात्र. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी म्हणून रुंद झाला आहे. रोटी घाट चढला की जमीन बदलते. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा हिरवा ऊस अजून दूर असतो, आणि समोर मुरमाड माळ पसरतो, त्यावर हिवर, बोर, एखादी बाभूळ आणि गुडघाभर वाळलेलं गवत. या प्रवासात बघण्यासारखी देवळं आहेत, पाणवठे आहेत, पक्षी आहेत. पण आणखी एक गोष्ट जागोजागी दिसते आणि तिच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. गावच्या वेशीवर, पेट्रोल पंपावर, डाळिंबाच्या बागेच्या कोपऱ्यावर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि माळावर लांडग्याच्या वाटेशेजारी लोखंडी खुंटाला बांधलेला कॅमेरा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाताना या कॅमेऱ्यांची अवस्था नीट बघितली, तर कुठल्याही उपकरणाची राखण कशी करावी आणि कशी करू नये, याचा चांगला धडा मिळतो.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं. बाहेर उघड्यावर ठेवायच्या कॅमेऱ्यांच्या राखणीचं बरंचसं शास्त्र कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत तयार झालं. तिथून ते माहितीपत्रकांत आलं, माहितीपत्रकांतून निविदांत, आणि निविदांतून आपल्या खांबांवर. थंडीसाठी केलेला घट्ट बंद डबा या माळावर कॅमेऱ्याला वाचवत नाही, बऱ्याचदा तोच त्याला मारतो. इथल्या कॅमेऱ्याला तीन गोष्टी हव्यात: सावली, श्वास आणि ओळखीचा माणूस. हे पटवायचं तर आधी थंडीच्या बाजूला न्याय द्यायला हवा, कारण तिथलं शास्त्र खोटं नाही, ते फक्त तिथलं आहे.

भारतात कडक थंडीत कॅमेरे वापरण्याचं सर्वांत मोठं काम हिमबिबट्याच्या गणनेसाठी झालं. २०१९ ते २०२३ या काळात लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल आणि जम्मू-काश्मीर या भागांत १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. २४१ वेगवेगळे हिमबिबटे छायाचित्रांत ओळखता आले आणि देशातली त्यांची संख्या ७१८ असावी असा अंदाज जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. या कामात शत्रू कोण हे स्पष्ट होतं. शून्याच्या खाली पारा गेला की साध्या अल्कलाइन बॅटरीतलं पाणीदार रसायन मंदावतं आणि बॅटरी भरलेली असूनही रिकामी असल्यासारखी वागते. चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर तिच्या आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते. म्हणून तिथे एकदाच वापरायच्या लिथियमच्या पेन्सिल बॅटऱ्या घालतात, त्या उणे ४० अंशांपर्यंत काम करतात. शहरांतल्या खांबावरच्या कॅमेऱ्यांना अशा प्रदेशात आतून तापवणारी तार बसवतात, डबा घट्ट बंद करतात, गडद रंग देतात म्हणजे मिळेल तेवढं ऊन शोषलं जाईल. बर्फाच्या देशात हे सगळं शहाणपणाचं आहे.

आता हीच यादी हातात घेऊन सुप्याला येऊ. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं हे सुपे, आणि त्याला लागून चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली घोषित झालेलं. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव त्याला मिळालं आहे. जंगलात कॅमेरा झाडाच्या बुंध्याला बांधतात आणि सावली आपोआप मिळते. इथे बुंधा शोधावा लागतो. खुरट्या बाभळीची सावली सकाळी एका बाजूला तर दुपारी दुसऱ्या बाजूला पडते, म्हणून कॅमेरा लोखंडी खुंटाला किंवा दगडांच्या राशीला बांधला जातो. गंमत म्हणजे हिमाचलातल्या स्पितीतही झाडं नसतात आणि तिथेही दगडांची रास रचूनच कॅमेरा बसवतात. दोन्ही ठिकाणी उघडं आभाळ, दोन्ही ठिकाणी खडक. फरक एवढाच की तिथला दगड रात्री कॅमेऱ्याची उष्णता ओढतो आणि इथला दगड दुपारी कॅमेऱ्याला भाजतो. एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यात हवेचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बसून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. कॅमेऱ्याचा गडद, घट्ट बंद डबा म्हणजे छोटी मोटारच. बहुतेक बाहेरच्या कॅमेऱ्यांवर ५० किंवा ६० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, पण ती भोवतालच्या हवेची असते. थेट उन्हाने तापलेल्या डब्याचा विचार ज्याचा त्याने करायचा असतो.

तापलेला कॅमेरा लगेच बंद पडत नाही, म्हणून नुकसान लक्षात येत नाही. तो हळूहळू झिजतो. आतल्या विद्युत परिपथांतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं. शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या वर अशाच हिशेबाने लवकर मरते. छायाचित्र टिपणाऱ्या संवेदकात उष्णतेमुळे आपोआप निर्माण होणारा विद्युतप्रवाह सहा-आठ अंशांत दुप्पट होतो, आणि रात्रीच्या चित्रात दाणे उमटतात. सौर पट्टीसुद्धा तापली की कमी वीज देते, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. म्हणजे ज्या दुपारी ऊन सर्वांत जास्त, त्या दुपारी पट्टी सर्वांत जोमात असेल हा समज चुकीचा ठरतो. थंडीच्या देशातल्या तक्त्यात यातली एकही ओळ वरच्या बाजूला नसते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती बारामतीच्या ईशान्येला शिरसुफळच्या माळावर नीट समजते. इथे आणि इंदापुरातल्या कडबनवाडीला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा ही इथली खरी वस्ती. वन्यप्राण्यांसाठी लावलेला कॅमेरा सतत चालू नसतो. त्याच्या पुढच्या बाजूला दुधी रंगाची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी फुगीर काच असते, खरं तर प्लास्टिकची. तिच्यामागचा संवेदक उष्णतेच्या किरणांवर डोळा ठेवून असतो. समोरच्या पार्श्वभूमीपेक्षा गरम किंवा गार काहीतरी हललं की तो कॅमेऱ्याला जागं करतो. लडाखच्या बर्फावर ऊबदार अंगाचा प्राणी आला की फरक एवढा ठळक असतो की हुकण्याचा प्रश्न क्वचित येतो. माळावर मात्र फेब्रुवारीनंतर हिशेब बदलतो. पहाटे जमीन जनावरापेक्षा गार असते, भर दुपारी उघडा मुरूम जनावरापेक्षा कितीतरी गरम असतो. या दोन टोकांच्या मध्ये, सकाळी ऊन चढताना एकदा आणि संध्याकाळी माळ निवताना पुन्हा एकदा, अशी वेळ येते की जमीन आणि लांडग्याची कातडी जवळजवळ एकाच तापमानाला असतात. त्या वेळी लांडगा समोरून गेला तरी संवेदकाच्या दृष्टीने काहीच हललेलं नसतं. आणि लांडग्याच्या हालचालीची वेळ कोणती? कोवळं ऊन आणि तिन्हीसांज. म्हणजे यंत्र नेमकं त्याच सुमारास आंधळं होतं, जेव्हा त्याने बघायला हवं. भर दुपारी उलटा प्रकार. तापलेली हवा आणि हलणारं गवत यांनी शेकडो कोरी छायाचित्रं निघतात, साठवण भरते, बॅटरी संपते.

यावर कुणी म्हणेल की मग कॅमेऱ्यावर विसंबायचंच कशाला. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला वनविभागाची माणसं मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजतातच की. ती मोजणी चांगली आहे आणि तिच्यामुळे माणसाला माळाची ओळख होते. पण ती एका रात्रीची असते, आणि कॅमेरा महिनोन्‌महिने बसतो. शिवाय मचाणावरच्या माणसाला जे आपसूक कळतं तेच कॅमेरा लावताना वापरलं तर यंत्राचं आंधळेपण बरंच कमी होतं. पाणवठ्याच्या काठची ओली जमीन भोवतालापेक्षा गार राहते, तिथे फरक टिकतो. ओढ्याच्या उंच काठाखाली दिवसभर सावली असते आणि लांडगे त्याच घळीतून ये-जा करतात. दिवेलागणीच्या तासाभरासाठी कॅमेऱ्याला संवेदकाची वाट न बघता ठरावीक अंतराने छायाचित्र घ्यायला लावता येतं. समोरचं हातभर गवत कापलं की खोटे इशारे घटतात. यातली कुठलीही गोष्ट डब्यावर छापलेल्या आकड्यांतून सुचत नाही, धनगराला विचारली तर लगेच सुचते. जनावर उन्हातून कुठे जातं आणि कुठे थांबतं हे तो रोज बघतो.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, २००९ साली स्थापन झालेली. दुष्काळ, उष्णता, क्षार, गारपीट अशा निर्जीव कारणांनी पिकावर येणाऱ्या ताणाचा अभ्यास हे तिचं काम, आणि ती उभी आहे तीच मुळात उघड्या खडकाळ जमिनीवर. अशा कुठल्याही संस्थेच्या हवामान वेधशाळेत एक पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी दिसते. सामान्य प्रवासी तिला मधमाश्यांची पेटी समजतो. ती स्टीव्हन्सन पेटी. स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणारे अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती १८६४ साली सुचवली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या लेखकाचे ते वडील. जवळ जाऊन पाहावी अशी ही वस्तू आहे. तिच्या चारही भिंती तिरक्या पट्ट्यांच्या, त्याही दुहेरी, म्हणजे ऊन आणि पाऊस आत येत नाही पण वारा येतो. छपरालाही दोन थर, मध्ये हवेची पोकळी. रंग पांढरा. जमिनीपासून सुमारे छातीच्या उंचीवर, कारण जमिनीलगतची हवा सर्वांत तापलेली. आणि दार उत्तरेकडे, म्हणजे ते उघडून तापमापी वाचताना आत ऊन पडणार नाही. तापमापीने स्वतः तापू नये, हवेचं खरं तापमान सांगावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या मते या माळावरच्या प्रत्येक कॅमेऱ्याचा गुरू ही पेटी आहे. तिने काहीही घट्ट बंद केलेलं नाही, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ जगभरच्या वेधशाळा तिच्यावर भरवसा ठेवून आहेत. कॅमेऱ्याच्या डब्यावर दोन बोटं अंतर सोडून पत्र्याचं किंवा जाड प्लास्टिकचं दुसरं छप्पर लावलं, त्याला चुना किंवा पांढरा रंग दिला, तर थेट ऊन त्या छपरावर पडतं आणि मधली हवा वाहती राहते. कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवलं तर सकाळ-संध्याकाळचं आडवं ऊन भिंगात घुसत नाही. खर्च म्हणाल तर पत्र्याचा तुकडा आणि चार लांब बोल्ट. इंदापूरचा बागायतदार डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आख्ख्या झाडावर पांढरं कापड पसरतो, द्राक्षाच्या घडाला कागद गुंडाळतो. फळाला ऊन लागतं हे ज्याला कळतं, त्याच्याच बांधावर हजारो रुपयांचा कॅमेरा उघड्या खांबावर तापत असतो. कुणी त्याला सांगितलेलंच नसतं की यंत्रालाही ऊन लागतं.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो, आणि तो कॅमेरे बसवणाऱ्या जाणकारांचा आहे. त्यांचं म्हणणं, डब्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ लिहिलेलं असतं. पहिला ६ म्हणजे धुळीचा कणही आत जाणार नाही, दुसरा आकडा म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा किंवा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवणंही चालेल. एवढं असताना हवा खेळती ठेवा म्हणणं म्हणजे धूळ आणि ओल यांना आमंत्रण नाही का? धुळीबद्दल ते बरोबर आहेत. बारामतीच्या माळावरची फुफाट्याची धूळ कशातही शिरते, आणि कॅमेऱ्याचा आतला डबा बंदच हवा. हवा खेळायची ती त्या डब्याच्या बाहेर, छपराखाली. पण आयपीचे आकडे तापमानाबद्दल चकार शब्द काढत नाहीत हे विसरता कामा नये, आणि ती चाचणी नव्या डब्याची असते. पहाटे १२ अंशांना असलेली डब्यातली हवा दुपारी ५५ अंशांना गेली की तिला सुमारे १५ टक्के जास्त जागा हवी असते. लिटरभर हवेतली दीडशे मिलिलिटरच्या आसपास हवा रबरी वायसरवर दाब देते आणि रोज थोडी निसटते. रात्री डबा निवला की तेवढीच हवा आत ओढली जाते, तीही दमट. रोजच्या या श्वासाने वायसर कडक होतं, भेगाळतं, आणि तीन उन्हाळ्यांनंतर आयपी ६७ चा डबा नावापुरता उरतो. यावर उपाय आहे आणि तो जुना आहे: डब्याला एक छोटी जाळी, जिच्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. चांगल्या डब्यांना ती असतेच. आपल्याकडे कॅमेरा बसवताना पाणी जाईल या भीतीने तिच्यावर सिलिकॉनचा थर लावून ती बुजवली जाते, आणि यंत्राचं नाक दाबलं जातं.

मग थंडीचं काय, ती इथे नाहीच का? आहे, आणि तिला हलकं समजू नये. डिसेंबर-जानेवारीत बारामतीचा पारा काही पहाटे एक अंकी होतो. शून्य नव्हे, त्यामुळे बॅटरी गोठण्याची भीती नाही. पण थंडीचं दुसरं रूप इथे काम करतं. दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, आणि त्याच दिवशी हवेचं तापमान मात्र शून्याच्या वर नोंदलेलं असतं. दोन्ही खरं असतं. निरभ्र रात्री उघड्यावरची गवताची पात, मोटारीचं टप, नावेची फळी, सगळं आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. माळावरचा कॅमेरा तसाच उघड्या आभाळाखाली असतो. त्याचं भिंग हवेपेक्षा गार झालं की दव प्रथम तिथे धरतं. रात्री आत ओढल्या गेलेल्या दमट हवेतली ओलही मग आतल्या बाजूने काचेवर बसते. लिटरभर डब्यातली ओल वजनाला काही मिलिग्रॅमच भरेल, पण भिंग आंधळं करायला तेवढी पुरते. पुसताही येत नाही, कारण ती आतून असते.

भिगवणला हे सर्वांत ठळक दिसतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इथवर पसरलं आहे आणि कुंभारगाव, डिकसळच्या काठांवर रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात माणसं पहाटे येतात. त्या वेळी पाण्यावर धुकं असतं आणि खांबांवरच्या गोल घुमटाच्या कॅमेऱ्यांना मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. इथे तापवणारी तार उपयोगी नाही का, हा प्रश्न योग्य आहे, आणि उत्तरही प्रामाणिक द्यायला हवं: आहे. पुढच्या काचेमागे एक-दोन वॅटची तार पहाटेचे दोन-तीन तास चालू ठेवली तर दव धरत नाही. पण ती विजेच्या तारेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला परवडते. सौर पट्टीवरच्या कॅमेऱ्याची साठवलेली वीज तीच खाऊन टाकेल. तिथे दुहेरी छप्परच दुसऱ्यांदा कामी येतं, कारण आभाळ आणि भिंग यांच्यामध्ये काहीतरी आडवं आलं की भिंग तेवढं गार होत नाही. दुपारी ऊन अडवणारा पत्रा पहाटे दवही अडवतो. जोडीला डब्यात सिलिका जेलची पुडी, तिचा रंग बदलला की ती बदलायची.

याच दिवसांत कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठेही जा, बगॅसवर चालणारे बॉयलर, उसाच्या ट्रॉल्या आणि तोडलेल्या शेतातलं जळणारं पाचट यांची काजळी दवात मिसळून काचेवर चिकट पापुद्रा धरते. वजनकाट्यावरचा कॅमेरा ही शेतकऱ्याच्या पैशाची साक्ष असते, ती काच रोज पुसली जावी एवढंच मागणं आहे. कोरड्या फडक्याने मात्र नाही, धुळीने ओरखडे पडतात. आधी पाणी, मग मऊ कापड.

निमगाव केतकीच्या पानमळ्यांपासून थोड्याच अंतरावर कडबनवाडीचा माळ आहे. इथलं गवत जवळून बघितलं की कॅमेऱ्याचे आणखी शत्रू कळतात. कुसळी गवताचं कुसळ कोरडं झालं की पिळवटतं आणि ओल लागली की सुटतं, म्हणूनच ते जमिनीत, मेंढीच्या लोकरीत आणि माणसाच्या पायजम्यात रुतत जातं. कॅमेऱ्याच्या बिजागरीत आणि झाकणाच्या फटीतही ते तसंच शिरतं, आणि एकदा झाकण केसभर उघडं राहिलं की आयपीचा आकडा कागदावरच राहतो. बाहेर सोडलेल्या तारेच्या भोकात कुंभारीण माशी चिखलाचं घर करते. रात्रीच्या अदृश्य दिव्याजवळ ऊब असते, तिथे पाल मुक्काम ठोकते. कोळी भिंगापुढेच जाळं विणतो आणि त्या जाळ्याचा प्रत्येक झोका कॅमेऱ्याला चोर वाटतो. उंदीर वायरीचं आवरण कुरतडतात. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की खांबावरून येणारा दाब वायरीतून थेट यंत्रात जातो, म्हणून खांबाला चांगलं अर्थिंग आणि वायरीवर दाबरोधक हवाच. ही सगळी संकटं शून्य अंशाखालच्या देशात जवळपास नसतात. तिथे बर्फ असतो, इथे जिवंत माळ असतो.

राहिला माणूस. एक आक्षेप असा की गावात देखभाल करणार कोण. त्यापेक्षा महागडा कॅमेरा लावा आणि दहा वर्षं विसरा. पण विसरलेला कॅमेरा चोरीला जातो, फोडला जातो, किंवा चालू असल्याचा नुसता लाल दिवा दाखवत उभा राहतो. माळावरच्या कॅमेऱ्याबाबत तर भीती आणखी खरी आहे. मेंढ्या घेऊन फिरणारं धनगर कुटुंब, सरपणाला गेलेल्या बाया, आडोशाला गेलेलं माणूस, सगळे त्याच्यासमोरून जातात. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी स्त्रियांच्या वावरावर कसा पहारा बसवला, याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तिथे बायकांनी गाणी गाणं, मोठ्याने बोलणं कमी केलं, आणि वाघाच्या प्रदेशात आवाज न करणं जिवावर बेतू शकतं. लांडग्याच्या नावाने लावलेला डोळा माणसांवर रोखला जातो आहे असं ज्याला वाटेल, तो त्याला दगड मारणार, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कॅमेरा कुठे आहे, तो काय टिपतो, माणसाचं छायाचित्र आलं तर ते पुसलं जातं का, हे वाडीत सांगून लावलेला कॅमेरा वाडीच जपते. लोखंडी पिंजरा आणि कुलूप लावूच नये असं नाही. पण या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत उसात बिबट्या दिसू लागल्यापासून गावकऱ्यांनाही रात्री समोर काय फिरतं हे कळायला हवं आहे. त्यांची आणि अभ्यासकाची गरज इथे एक आहे.

इंदापूर ओलांडून नीरा-नरसिंहपूरला पोचलं की हा प्रवास संपतो. इथे नीरा भीमेला मिळते. ज्या नीरेच्या कालव्याने बारामतीचा ऊस पिकवला आणि ज्या भीमेच्या उजनीने इंदापूरची गावं पोटात घेतली, त्या दोघी इथे एका पात्रात येतात. काठावरच्या नृसिंहाच्या देवळात नवरात्र संपत आलं की खंडेनवमी येते, आणि पंचक्रोशीत नांगर, कोयते, ट्रॅक्टर, मोटारी, शिलाई यंत्रं धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. पाऊस सरलेला असतो, दव पडायला अजून थोडा अवकाश असतो. कॅमेऱ्याचा डबा उघडायला वर्षात याहून चांगला दिवस नाही: झाकणातली कुसळं काढायची, वायसरला बोट लावून ते मऊ आहे का बघायचं, सिलिकॉनने बुजलेली जाळी मोकळी करायची, जेलची पुडी बदलायची, कुंभारणीचं घर खरवडायचं. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा, उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा छपराचा पांढरा रंग पुन्हा द्यायचा, बोल्ट आवळायचे, आणि त्या दिवशी दुपारी पत्र्याखाली हात घालून बघायचं की मधली हवा वाहते आहे.